लठ्ठ कोंबडी

बर्नलीत, कालव्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
मेथडिस्ट हॉलमध्ये दर गुरुवारी
मी आहार शिकवते.
कौन्सिलने दिलेला तक्ता भिंतीला लावते:
रंगीत ताट, त्याचे पाच भाग,
एका भागात इथं कुणाच्याच घरी न शिरलेलं ॲव्होकाडो.
भिंतीला ओल आहे. चिकटपट्टी सुटते,
तक्ता दर पंधरा मिनिटांनी मान टाकतो.

"पालेभाजी रोज हवी," मी म्हणते.
"कुठून आणू?" शनीस विचारते.
मांडीवर पोर, पोराच्या मुठीत वेफर्स.
खरंच आहे तिचं.
कोपऱ्यावरच्या दुकानात कांदे असतात, असले तर.
बाकी सगळं फ्रीझरमध्ये, एकजात पिवळं.
मोठ्या दुकानाला दोन बस,
जाऊन येऊन जेवढं भाडं
तेवढ्यात चौघांचा पिझ्झा.
हा हिशेब तक्त्यावर नाही.

जूनमधल्या एका गुरुवारी लवकर पोचले.
हॉलमागे, पाडलेल्या गिरणीच्या जागेवर,
विटांच्या चुऱ्यातून माजलेलं रान.
आणि त्यात,
मी पिशवी खाली ठेवली, वाकले,
पानाच्या पाठीवर पीठ, शेंड्यावर पीठ,
जशी कुणी आत्ताच भाकरी थापून
हात झटकून गेली.

चाकवत.
कमरेएवढा. कुणी न पेरलेला.
याच्याच जुडीसाठी कराडच्या मंडईत
आई दोन रुपयांवरून भांडायची
आणि जिंकली की वर कोथिंबीर मागायची.

एक डहाळी वर्गात नेली.
"तण," कियारन म्हणाला. तो कौन्सिलच्या फवारणीवर आहे.
"ऑगस्टमध्ये आम्ही याच्यावर औषध मारतो."
तेव्हा डोरीन एन्टविसलने, वय चौऱ्याऐंशी,
चार महिन्यांत जिने फक्त चहाबद्दल मत दिलं होतं,
चष्मा कपाळावर सरकवला.
"फॅट हेन," ती म्हणाली.
लठ्ठ कोंबडी! माझ्या मनात ते मराठीत उमटलं
आणि मला हसू आवरेना.
"आई उकडायची. लोणी रेशनवर, तेही बोटभर.
मला वाटलं, हे नाव आता
माझ्याबरोबरच जाणार."

तक्ता पडला. कुणी उचलला नाही.

वॉकर ढकलत ती आम्हाला मागे घेऊन गेली.
"इथलं खायचं नाही. गिरणीनं या मातीत
काय काय मुरवलंय, मला विचारा, मी रंगखात्यात होते.
कुत्री थांबतात तिथलं नाही.
पीठ दिसलं नाही, ओळख पटली नाही,
तर तोंडात नाही.
माझा भाचा मळ्यातून हे गाडाभर उपटून फेकतो.
पुढच्या गुरुवारी आणायला सांगते."

तीन गोण्या आल्या. फुकट.
ताक नव्हतं, दही पातळ केलं.
हरभऱ्याची डाळ इद्रीसच्या दुकानातली, शेंगदाणे खारवलेले,
म्हणून मीठ घातलंच नाही.
रवी नव्हती, बटाट्याच्या मॅशरने घोटलं.
गरगटं म्हणावं असं जमलं नाही,
पण लसणाची फोडणी बसली तेव्हा
वरच्या मजल्यावरचा ब्रास बँडचा सराव थांबला
आणि दोघं ट्रंपेटवाले जिन्यावर येऊन उभे राहिले.

शनीसच्या पोरानं पहिला घास थुंकला.
दुसरा मागितला.
कियारनने त्याच्यावर व्हिनेगर ओतलं.
मी काही बोलले नाही.
चव घेतली. वाईट नव्हतं.

उरलेली कोवळी रोपं
विकतच्या मातीत, जुन्या बाथटबात लावली,
हॉलच्या दक्षिण भिंतीशी.

ऑगस्टमध्ये कियारनचा फोन.
"उद्या फवारणी आहे. साहेब विचारतायत,
भिंतीजवळचं ते यादीत तणात धरायचं
की भाजीत?"
"डोरीनला विचार," मी म्हटलं.
"तिलाच विचारलं," तो म्हणाला.
"ती म्हणते, आधी शेंडे खुडून ने,
मग साहेबाला जेवायला घेऊन ये."